उतू न गेलेलं दूध

“पेढा खात नाही म्हणजे मग तुम्ही खाता तरी काय?” अण्णांनी ऋजुताला विचारलं.

श्वास घेत नाही म्हणजे मग तुम्ही जगता तरी कशा, हे ज्या आवाजात विचारावं त्या आवाजात.

“भाकरी, आमटी, भात, भाज्या,” ऋजुता म्हणाली. “आमच्या देवरुखला नारळ आणि फणस चिक्कार. त्यावर भागतं सगळं.”

“आमटीभातावर तूप?”

“नाही घेत.”

“जेवणावर ताक?”

“नाही.”

“निदान चहा?”

“घेते की. कोरा.”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मुलगा एक दिवस परजातीतली, परप्रांतातली, फार तर परग्रहावरची मुलगी घरी आणेल, अशी माझ्या वडिलांनी मनाची तयारी केली असावी. कोऱ्या चहाची केलेली नव्हती.

आम्ही साताऱ्याचे. तीन पिढ्या कंदी पेढे करणारे. पुढे दुकान, मध्ये भट्टी, मागे घर, आणि कुणाला काही शंका राहू नये म्हणून आडनाव क्षीरसागर. आमच्याकडे दूध प्यायचं नसलं तरी ते नाकातून जातं. मी लहान असताना आई गेली. तेव्हापासून घर अण्णांच्या बहिणीच्या, बेबीआत्याच्या हातात. आत्या साठीला टेकली होती, पण अख्ख्या पेठेला ती बेबीच. मला तिनं वाढवलं, आणि ते बहुतेक सायीवर.

आणि मला लग्न करायचं होतं ऋजुताशी. दुधाचा एक थेंब पोटात गेला तर जिचा गळा आतून सुजून श्वास बंद पडू शकतो, अशा मुलीशी. त्या घरात हे फक्त मला माहीत होतं.

“आजार म्हणून सांगू नकोस,” ऋजुता पुण्यात असतानाच म्हणाली होती. आम्ही तिथे एकाच ऑफिसात होतो. “एका ठिकाणी आईनं आधीच सांगून टाकलं होतं. मुलाची आई माझ्याशी मोठ्यानं आणि सावकाश बोलायला लागली. जणू मी बहिरी. मग नकार आला. पहिल्या दिवशी मला नुसतं माणूस म्हणून बघू दे त्यांना. निघताना मी स्वतः सांगेन.”

“तोवर मी काय सांगू?”

“व्हीगन आहे म्हण. लोक वैतागतात, पण कीव करत नाहीत.”

म्हणून मी आत्याला फोन करून ती प्राण्यांपासून मिळणारं काहीच खात नाही, दूधसुद्धा, असं समजावलं.

“म्हणजे जैनांसारखं?” आत्यानं विचारलं.

“त्याच्या पुढचं.”

“कांदा चालतो का तिला?”

“कांदा चालतो.”

“मग पुढचं कसं रे ते?”

मी भित्रा नाही. मला फक्त भीती वाटते. त्या दिवशी ती सकाळपासून वाटत होती. दुकानाच्या सुट्टीचा वार मी मुद्दाम निवडला होता, म्हणजे भट्टीवर दूध आटत नसणार आणि वाफ नसणार. जेवायला थांबणार नाही, हेही आधीच कळवून ठेवलं होतं. तरी उंबऱ्यातच पहिला हल्ला झाला. नव्या माणसाचं तोंड गोड करायचं म्हणून आत्यानं स्वतःच्या हातानं पेढा ऋजुताच्या ओठांपर्यंत नेला. मी मध्ये मान घालून तो खाल्ला.

“अरे, लाज आहे का काही?” आत्या ओरडली.

“भूक लागली होती,” मी म्हणालो. निघताना ती पाहुण्यांच्या हातावर दही घालते. तेही मीच चाटायचं ठरवून ठेवलं होतं. अब्रू तोवर उरण्याचा प्रश्न नव्हता.

ऋजुताच्या पर्समध्ये एक इंजेक्शन असे, जाड पेनासारखं. तिचा मामा परदेशातून पाठवायचा. मांडीवर दाबायचं आणि धरून ठेवायचं. मुदत संपलेलं एक पेन देऊन तिनं माझ्याकडून संत्र्यावर सराव करून घेतला होता. संत्रं वाचलं होतं. माझा अनुभव एवढाच.

“मग यांना द्यायचं तरी काय?” अण्णा आता माझ्याशी बोलत होते, ऋजुता जणू तिथे नव्हतीच. “आपल्याकडे आलेला माणूस मसाला दूध घेतल्याशिवाय गेलाय का कधी?”

“मी करतो ना,” मी म्हणालो. “हॉट चॉकलेट. नारळाच्या दुधाचं.”

“नारळाला आचळं असतात का?”

“अण्णा.”

“नाही, विचारतोय. धंद्यातला माणूस आहे मी.”

“नारळाचं दूध म्हणजे सोलकढी की,” आत्या आतून म्हणाली. “सोलकढीत चॉकलेट? देवा रे.”

मी पुण्याहून पाठीवर मिक्सर घेऊन आलो होतो. ऋजुताचा. आमच्या मिक्सरमध्ये आत्या लोणी काढते. नवं पातेलं, नवी गाळणी, नवा पंचा, नवे पेले, सगळं गाठोडं बांधून आणलं होतं. एस.टी.त शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, “बायकोनं बाहेर काढलं का?” मी म्हटलं, अजून लग्न व्हायचंय. ते म्हणाले, “मग फारच लवकर.”

स्वयंपाकघरात मी आधी ओटा धुतला, मग शेगडी धुतली, मग नळ धुतला. आत्या कंबरेवर हात ठेवून बघत होती.

“माझ्या ओट्याला काय झालंय?”

“काही नाही, आत्या. फक्त या पातेल्यात कुणी काही घालायचं नाही.”

“साखरसुद्धा नाही?”

“गूळ घालणारे मी. बाकी काहीच नाही. शपथ घे.”

“तुझ्या गळ्याची शपथ, बाबा. मला काय करायचंय त्या काळ्या पाण्याशी?” ती रुसून दारातल्या पाटावर जाऊन बसली.

नारळ खवला. खव कोमट पाण्यात फिरवून पंच्यातून पिळला. घट्ट, पांढरंशुभ्र दूध निघालं. कोको आधी थोड्या गरम पाण्यात कालवून घेतला, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. नारळाचं दूध मंद आचेवर ठेवून त्यात चिरलेला गूळ, दालचिनीचा तुकडा, चिमूटभर मीठ घातलं आणि संत्र्याच्या सालीच्या पातळ पट्ट्या सोडल्या. पट्ट्या काढताना त्या संत्र्याची क्षमा मागितली. मग कोको ओतला. वास असा सुटला की आत्या पाटावरून उठून नाक पुढे करून आली.

“वास बरा आहे,” ती म्हणाली. नाइलाजानं.

तेवढ्यात बाहेरून अण्णांचा आवाज आला. “नुसता हातात तरी धरून बघा हो! वजनावरून कळतं कसा भाजलाय ते!”

मी पळी टाकून धावलो. अण्णा पेढ्यांचा खोका घेऊन ऋजुतासमोर वाकले होते आणि ती खुर्चीत शक्य तेवढी मागे सरकली होती. मी खोका घेतला, झाकण लावलं, दुकानात नेऊन कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप घातलं. परत येऊन हात कोपरापर्यंत धुतले.

“ऑपरेशन आहे का कुणाचं?” अण्णांनी विचारलं.

स्वयंपाकघरात आलो तेव्हा आत्या पदराला बोट पुसत बाहेर निघाली होती. पातेल्यात फेस अगदी काठापर्यंत चढला होता आणि तिथे येऊन शहाण्यासारखा थांबला होता. मी बघत असतानाच तो खाली बसला. एक थेंबही सांडला नाही. नारळाच्या दुधाला चांगलं वळण असतं, असं वाटून मला त्या क्षणी फार बरं वाटलं. दिवसभरात पहिल्यांदाच.

नव्या पेल्यात ओतून मी ते ऋजुताला नेऊन दिलं.

“तू केलंस?” तिनं हळूच विचारलं.

“मीच. पहिल्यापासून शेवटपर्यंत.”

तिनं फुंकर मारून एक घोट घेतला. मग दुसरा, मोठा. डोळे मिटले. “संत्रं!” ती म्हणाली आणि हसली. अण्णांना ते हसू आवडलं असावं, कारण ते म्हणाले, “आम्हालाही द्या थोडं ते नारळाचं.”

ऋजुतानं पेला खाली ठेवला. ओठांवरून जीभ फिरवली. मग मानेला हात लावला.

मला ती हालचाल माहीत नव्हती. तिनं वर्णन केलं होतं, पण वर्णन वेगळं. मानेवर लाल गांधी उठत होत्या, कुणी आतून बोटं उमटवत असावं तशा.

“चिन्मय,” ती म्हणाली. आवाज तिचा नव्हता, घोगरा झाला होता. “यात दूध आहे.”

“नाहीये.”

“आहे.”

“मी स्वतः केलंय ऋजुता, यात दूध...”

ती खोकली. खोकून झाल्यावर श्वास आत घेताना शिट्टीसारखा आवाज आला. लहान मुलं रबरी बाहुली दाबतात ना, तसा. खेळण्यांच्या दुकानात मी अशा बाहुल्या त्यानंतरही बघितल्या आहेत, दाबलेल्या मात्र कधी नाहीत.

“काय होतंय त्यांना?” अण्णा उभे राहिले.

मी पर्स उपडी केली. रुमाल, किल्ल्या, कंगवा, आणि ते पेन. टोपण काढलं. सरावाच्या वेळी संत्रं हाताखाली शांत पडून होतं. ऋजुता थरथरत होती. मी पेन मुठीत धरलं, अंगठा टोकावर ठेवला, आणि दाबणार तेवढ्यात तिनं माझं मनगट पकडलं.

“उलटं,” ती म्हणाली. “उलटं धरलंयस.”

सुई माझ्या अंगठ्याखाली होती. आणखी थोडा जोर लावला असता तर तिचं औषध माझ्या अंगठ्यात गेलं असतं, आणि दुसरं पेन सातारा जिल्ह्यात कुठे मिळालं असतं कुणास ठाऊक. तिनंच ते फिरवलं. माझ्या हातावर तिचा हात ठेवून मांडीवर दाबलं. खट्ट झालं.

“डॉक्टर,” ती म्हणाली. “लगेच. याचा असर उतरतो.”

अण्णांनी किल्ल्या उचलल्या आणि दुकानाची व्हॅन दारात आणून लावली. मागचं दार उघडताच खव्याचा वास घरात शिरला. बाजूवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘शुद्ध दुधाचे’. ऋजुता दारातूनच मागे सरली, भिंतीला पाठ लावून मान हलवत राहिली.

“बसा ना! का बसत नाही?” अण्णा रडकुंडीला आले होते.

“तिला दूध विष आहे, अण्णा!” मी ओरडलो. “व्हीगन नाही, काही नाही. तिला दुधानं मरण येऊ शकतं!”

अण्णा क्षणभर व्हॅनकडे बघत राहिले, आयुष्यात पहिल्यांदा वाचत असल्यासारखे. मग धोतराचा सोगा हातात धरून ते नाक्यावरच्या रिक्षाकडे पळत सुटले. माझे वडील पळताना मी त्यापूर्वी कधी पाहिले नव्हते.

रिक्षात ऋजुता माझ्या खांद्याला टेकून श्वास मोजल्यासारखा घेत होती. मी तिला काहीतरी सांगायला हवं होतं. हसवणं हे माझं काम, त्यावरच तर जमलं होतं आमचं. मी तोंड उघडलं. आत काही नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये तिला आत घेतलं. सलाइन, ऑक्सिजन, आणखी एक इंजेक्शन. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. “आत्ता सावरलीये. पण हे पुन्हा उलटू शकतं, म्हणून रात्रभर ठेवते. पोटात नक्की काय गेलं आणि किती?”

“माहीत नाही,” मी म्हणालो.

“माहीत करून घ्या.”

बाकावर अण्णा आणि आत्या बसले होते. आत्या दुसऱ्या रिक्षानं मागोमाग आली होती, चप्पल न घालता.

“अण्णा, तुम्ही पेल्यात काही टाकलंत?”

“दुकानाची शपथ, नाही.” अण्णा दुकानाची शपथ कधी घेत नाहीत.

“आत्या?”

“तुझ्या गळ्याची शपथ घेतली होती मी!” तिचे डोळे भरून आले. “माझ्यावर संशय घेतोस? तुला लहानाचं मोठं केलं, आणि कुणाच्या तरी लेकराच्या पेल्यात मी...”

“कशाचंही चमचाभर? साय? दुधाची पावडर?”

“काही नाही रे, काही नाही! मी तर तिथं उभीही राहिले नाही. तू बाहेर पळालास, ते उतू जायला लागलं, मी आले, आणि...”

ती थांबली.

तिनं आपला उजवा हात वर केला आणि तर्जनीकडे बघितलं, हे बोट कुणाचं आहे असं. मग मलाही दिसलं. पदराला पुसलं जाणारं बोट. काठाशी येऊन शहाण्यासारखा थांबलेला फेस.

आमच्या घरात दूध कधी उतू जात नाही. भांडं आचेवर ठेवलं की आत्याचं बोट तुपाच्या बुधलीत जातं आणि भांड्याच्या काठावरून आतून गोल फिरतं. फेस तुपाशी आला की बसतो. हे मी जन्मापासून दिवसातून दहा वेळा पाहिलेलं होतं, म्हणजेच कधीही पाहिलेलं नव्हतं. पातेलं तिरकं करून मी पेल्यात ओतलं, ते त्याच काठावरून. घरचं तूप, तळाशी बेरी असलेलं, म्हणजे दुधाचाच अंश.

“मला आठवतसुद्धा नाही रे,” आत्या म्हणाली. “बोट गेलं. मी नाही गेले. बोटच गेलं.”

मी डॉक्टरांना सांगायला आत गेलो. परत आलो तेव्हा ती नळाशी उभी राहून साबणानं हात धूत होती. अण्णा म्हणाले, बराच वेळ झाला, थांबतच नाही. मी नळ बंद केला. तिच्या बोटांच्या सुरकुत्या पांढऱ्या पडल्या होत्या.

“मी मारलं असतं का रे तिला?” तिनं विचारलं.

मी माझ्या रुमालानं तिचे हात पुसले.

दिवेलागणीला ऋजुताचा श्वास मोकळा झाला आणि मला आत सोडलं. तिचा चेहरा सुजलेला होता. मी तिला बोटाचं सांगितलं.

“तुमच्या घराची नाही भीती वाटत मला,” ती म्हणाली. “चांगली माणसं आहेत. तुझे बाबा तर धोतर धरून पळाले. भीती सवयीची वाटते. माणसाला सांगता येतं. सवयीला कसं सांगायचं? ती ऐकायलाच नसते तिथे.”

मागे वळलो तर दारात आत्या उभी होती. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायला तयार नव्हती. तिच्यामागे अण्णा.

“आत या ना,” ऋजुता म्हणाली.

“माझ्या हाताला वास असेल,” आत्या म्हणाली.

“पोरी,” अण्णा आत्याच्या खांद्यावरून म्हणाले. दिवसभराचं ‘तुम्ही’ कुठे गेलं त्यांनाही कळलं नसावं. “आजार आहे होय तुला! आधी सांगायचं की गं. मला वाटलं, आमचा पेढा पसंत नाही.”

ऋजुता हसायला गेली आणि खोकली. मी खाटेवर वाकलो, आत्या आणि अण्णा एकदम पुढे झाले आणि दारात अडकले. ते खोकणं साधं निघालं. पण तो सेकंद आमच्या घरातून अजून पूर्ण गेलेला नाही.

लग्नाला आमच्या अपेक्षेपेक्षा वेळ लागला. देवरुखच्या तिच्या आईला मी दोष देत नाही. मी तिच्या जागी असतो तर क्षीरसागरांना गावाच्या वेशीवरच थांबवलं असतं. ऋजुतालाही वेळ लागला. ती विचार करत होती, आणि मी तिला विनोद सांगत नव्हतो. मग एकदा तीच म्हणाली, “चल, येते तुमच्याकडे. आत्यांना सांग, काळं पाणी ठेवा.”

ती आली, तेव्हा मी स्वयंपाकघरात डोकावलो. आत्यानं उजव्या तर्जनीला जुन्या लुगड्याची चिंधी बांधली होती. घट्ट, दोन गाठी मारून. कापलं का, मी विचारलं. “नाही,” ती म्हणाली. “बोटाला कळायला नको का?”

त्यानंतर ऋजुता घरात असली की ती चिंधी असतेच. पेठेतल्या बायका विचारतात, आत्या सांगत नाही.

गेल्या वर्षी आम्ही पुण्यात फ्लॅट घेतला. नव्या घरात पहिल्यांदा दूध उतू घालवायचं असतं, शुभ म्हणून. तो विषय कुणी काढत नव्हतं. आत्या साताऱ्याहून गाठोडं घेऊन आली, एस.टी.नं. आत नारळ, नवी खवणी, नवा पंचा, नवं पातेलं. कोकोचा डबासुद्धा. तिनं खवलं, तिनंच पिळलं, संत्र्याची साल तिनंच सोडली, आणि कुणाला मदतीला येऊ दिलं नाही. शेगडी पेटवली. आम्ही सगळे ओट्याभोवती उभे राहिलो. अण्णा मागे, कुणी न सांगता हात धुऊन आलेले.

फेस चढायला लागला. काठाला लागला. आत्याचा चिंधी बांधलेला हात जागच्या जागी हलला, मी पाहिलं. मग तिनं तो पाठीमागे नेला आणि डाव्या हातानं मनगट धरून ठेवलं.

“आत्या, उतू जातंय,” ऋजुता म्हणाली.

“जाऊ दे,” आत्या म्हणाली.

ते शेगडीवरून, नव्या ओट्यावरून, कपाटावरून खाली फरशीपर्यंत गेलं, आणि जागचं कुणी हललं नाही.